चिठ्ठीनं दिलेली बाजू

गेल्या जानेवारीत आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अभिरूप विधानसभा भरली. त्याच्या तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "सर, मले एवढंच सांगा, तुमी पोट्ट्याले घरावर बोलाले शिकवून रायले का?"

झालं होतं असं की मुलांनी पांदण रस्त्यांवर, म्हणजे शेतात जायच्या वाटांवर, एक विधेयक तयार केलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा या मुलाच्या वाट्याला सरकार पक्ष आला. पांदण अडवणाऱ्याला दंड झालाच पाहिजे, हे त्यानं उभं राहून चांगलं सात मिनिटं मांडलं. आता गावात सगळ्यांना ठाऊक होतं की धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाणारी बैलबंडीची वाट त्याच्याच वडिलांनी चार वर्षांपूर्वी काटेरी तार ओढून बंद केली आहे. संध्याकाळी पारावर कुणीतरी त्यांना हटकलं, "काय गा, पोट्ट्यानंच निकाल देल्ला म्हणते?"

मी त्यांना सांगितलं, बाजू त्यानं निवडली नव्हती, चिठ्ठीनं दिली होती. ते म्हणाले, "चिठ्ठी तुमची, जीभ त त्याचीच हाये ना." आणि निघून गेले.

माझ्याकडे त्या दिवशी याला उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या सभेत विषय निघाला तेव्हा बहुतेकांचं मत पडलं की चिठ्ठ्या बंद कराव्यात. ज्याला जी बाजू पटते ती त्यानं घ्यावी, म्हणजे भांडण घरापर्यंत जायचं नाही. निर्णय पुढच्या सभेवर गेला, कारण तेवढ्यात चहा आला. त्या पुढच्या सभेत मला जे मांडायचं आहे तेच इथे लिहितो आहे. चिठ्ठी काढून टाकली तर या उपक्रमात ठेवण्यासारखं फार काही उरत नाही. काहीतरी बंद करायचंच असेल तर उत्कृष्ट वक्त्याची ढाल बंद करा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याकडचं. इथं माणूस बोलतो तेव्हा तो एकटा बोलत नाही, त्याचं घर बोलतं, भावकी बोलते, कधी कधी अख्खा वार्ड बोलतो. ग्रामसभेत एखादा पोरगा उभा राहिला की तो काय म्हणतो हे ऐकण्याआधी मागून आवाज येतो, "कोनाचा हाय थो?" एकदा ते कळलं की पुढचं कुणी ऐकत नाही, कारण ते आधीच कळलेलं असतं. ग्रामसभेच्या गणपूर्तीचा नियम आहे, पण तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही, हेही सर्वांना पाठ आहे. मग रजिस्टर घरोघर फिरतं आणि सह्या होतात. अशा गावातल्या सतरा वर्षांच्या मुलाला "तुझं मत निर्भीडपणे मांड" असं सांगणं ही त्याची थट्टाच आहे. निर्भीडपणाची किंमत त्याच्या बापाला मोजावी लागते आणि ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विधेयक होतं सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर काम करणाऱ्या शेतगड्यांच्या नोंदणीचं. सालदाराशी लेखी करार करावा, कामाचे तास ठरवावेत, साल, म्हणजे वर्षाची मजुरी, बँकेतून द्यावं, असा मुलांचा मसुदा. वर्गात एक मुलगा वीस एकरवाल्याचा आणि एक सालदाराचा. चिठ्ठीनं काय करावं? मालकाचा मुलगा विधेयकाच्या बाजूला गेला आणि सालदाराचा विरोधात. मला वाटलं, झालं, आता दोघंही काहीतरी पुस्तकी बोलून बसतील.

मालकाचा मुलगा आधी अडखळला. मग म्हणाला, शेतीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. आमचे बाबा सालदाराले राती ओलिताले पाठवते. तो साप-विंचवात पाणी देते आणि सकाळी परत त्यालेच वखराले जा म्हणते. मग त्याचा दिवस कुठून कुठपर्यंत धरायचा? हे वाक्य त्याच्या तोंडून दुसऱ्या कुठल्या जागी निघालं असतं असं मला वाटत नाही. घरी तर नाहीच.

सालदाराच्या मुलानं विरोध केला. मालकाची अडचण, पाऊस दगा देतो, वगैरे मी अपेक्षिलेलं त्यानं दोन वाक्यांत संपवलं. आणि विचारलं, "सगळं कागदावर आलं तर उचल कोन देईन?" बहिणीचं लग्न असो की आजीचं ऑपरेशन, पाडव्याला साल ठरतं तेव्हाच उचल ठरते. बँक देत नाही, सोसायटी देत नाही, मालक देतो. साल बँकेतून द्यायचं आणि हिशेब सरकारला दाखवायचा म्हटलं तर मालक म्हणेल, मग उचलही सरकारलाच माग. ज्यांनी मसुदा लिहिला होता त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही. ते विधेयक कुठे कच्चं आहे हे ज्याच्या भल्यासाठी ते होतं त्याच्याच पोराला ठाऊक होतं, आणि विरोधात बसवलं म्हणूनच त्याला ते सांगता आलं. नाहीतर सालदाराच्या पोरानं सालदाराच्या कायद्याला विरोध कसा करायचा?

बाहेर पडल्यावर दोघांनाही पोरांनी चिडवलं. दोघांचंही उत्तर एकच होतं. "मले चिठ्ठी निंगाली होती."

चिठ्ठीचं काम एवढंच आहे. ती आड देते. वडील म्हणाले ते खरं आहे, जीभ मुलाचीच असते. पण गावात ती सैल सुटायला असं काहीतरी निमित्त लागतं. होळीच्या बोंबेला आणि पोळ्याच्या झडत्यांना, म्हणजे बैलांपुढे म्हणायच्या टोमण्यांच्या ओळींना, आपल्याकडे ते निमित्त पूर्वीपासून आहे. झडतीत मालकाला टोमणा मारला म्हणून कुणाची सालदारी गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता दुसरी बाजू. माझे एक सहकारी इतिहास शिकवतात. त्यांचा आक्षेप पालकांच्या आक्षेपापेक्षा जड आहे. ते म्हणतात, ज्या वयात मत घडायला हवं त्या वयात तुम्ही पोरांना मत फिरवायला शिकवता. आज दारूबंदीच्या बाजूनं, उद्या विरोधात, टाळ्या दोन्हीकडे. अशानं वकील तयार होतील, प्रवक्ते तयार होतील. आधीच ते काय कमी आहेत? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण आमच्याकडे बरीच वर्षं हेच घडत होतं. "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" इथून सुरुवात, मध्ये दोन शेर, शेवटी मूठ आवळून एक घोषणा. विषय हुंडा असो की हमीभाव, भाषण तेच. ज्याचा आवाज मोठा त्याला ढाल. केंद्राच्या संसदीय कार्य मंत्रालयाची युवा संसद 1966 च्या सुमारास दिल्लीच्या शाळांत सुरू झाली, पुढे देशभर शाळाशाळांत हा प्रकार गेला. तिथं स्पर्धेची बैठक 55 मिनिटांची असते. शपथविधी, शोकप्रस्ताव, प्रश्नोत्तरं, विधेयक, सगळं तेवढ्यात बसवायचं म्हटल्यावर शिक्षक संवाद लिहून देतात आणि मुलं पाठ करतात. विरोधी पक्षनेता कोणत्या वाक्याला सभात्याग करणार हेही आधीच लिहिलेलं असतं. याला नाटक म्हणावं. नाटक वाईट नसतं, पण मग नीट तालीम करून गॅदरिंगला करावं.

तर सहकाऱ्यांचा आक्षेप भाषणाला लागू आहे. तो विधेयकाच्या खंडांना लागू नाही, आणि माझा सगळा भर तिथंच आहे.

विधिमंडळात विधेयक तीन वाचनांतून जातं. पहिल्यात ते मांडलं जातं, दुसऱ्यात आधी एकूण चर्चा आणि मग एकेक खंड घेऊन दुरुस्त्या, तिसऱ्यात अखेरची मंजुरी. शाळा-कॉलेजांतल्या अभिरूप सभांमध्ये ही मधली खंडवार चर्चा हमखास गाळतात, कारण ती रटाळ वाटते. तिथं टाळ्या पडत नाहीत. पण कायदा घडतो तो तिथंच. 26 नोव्हेंबरला आपण मुलांकडून उद्देशिका म्हणून घेतो. त्या संविधानाच्या मसुद्यावर संविधान सभेत दुरुस्त्यांच्या 7,635 सूचना आल्या होत्या आणि त्यांपैकी 2,473 प्रत्यक्ष मांडून चर्चिल्या गेल्या, हे मात्र कुणी सांगत नाही. एवढ्या वेळा कुणीतरी उभं राहून "हा शब्द नको, तो घ्या" असं म्हटलं होतं.

पांदणीच्या विधेयकाकडेच परत येतो. दोन फुलस्केप पानं, पाच खंड. खंड 2 मध्ये व्याख्या. त्यात "अर्जदार म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे असा शेतकरी" असं लिहिलेलं. विरोधी बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं दुरुस्ती मांडली की त्याऐवजी "जमीन प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती" असं करावं. कारण विचारल्यावर म्हणाली, आमचं वावर अजून आजोबांच्या नावानं आहे, आजोबा वारून नऊ वर्षं झाली, काका फेरफारावर सही देत नाहीत, आई वाहते. रस्ता अडला तर आईनं कुणाच्या नावानं अर्ज करायचा? वर्गात शांतता. मग सरकार पक्षातून एक जण उठला. "कसणारा म्हटलं तर मक्त्यानं करणारा येईल, बटईवाला येईल, ठीक आहे. पण ज्यानं गायरान दाबलं तोही येईल. त्यालाही रस्ता द्यायचा का?" यावर गदारोळ झाला, कारण गायरानावर कुणाची पऱ्हाटी उभी आहे हेही सगळ्यांना माहीत होतं. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कोलाम आदिवासींचं काय, असं कुणीतरी विचारलं. पाऊण तास एका व्याख्येवर गेला.

दुरुस्ती तीन मतांनी पडली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सभापतीच्या खुर्चीत बारावीचा मुलगा होता आणि त्यानं "नाहीचे बहुमत" म्हणून पुढचा खंड पुकारला.

पुढच्या खंडावर विरोधकांनी खरी अडचण काढली. त्यांच्यातल्या एकाच्या मामाचा रस्त्याचा दावा चालू होता, म्हणून त्याला सगळं तोंडपाठ. तो म्हणाला, नवा कायदा हवाच कशाला? शेतात जायला बांधावरून वाट मागायची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. असलेली वाट कुणी अडवली तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, इंग्रजांच्या काळापासून. फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. आणि 143 खाली तहसीलदारानं निकाल दिला तरी समोरच्याला वर्षभरात दिवाणी दावा टाकता येतो. म्हणजे कायदा कमी नाही, तारखा जास्त आहेत. तुमच्या विधेयकात तीस दिवसांत रस्ता मोकळा करा असं लिहिलंय, पण तहसीलदारानं नाही केला तर त्याचं काय करणार, ते कुठंय?

ते कुठंच नव्हतं. सरकार पक्षाला मसुदा मागे घेऊन खंड 3 नव्यानं लिहावा लागला. ज्या मुलाचे वडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले तोच लिहायला बसला होता. तार कुठे लावलीय आणि ती का लावलीय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानं एक उपखंड टाकला. रस्ता ज्याच्या धुऱ्यावरून जातो त्याच्या पिकाचं बंडी-ट्रॅक्टरनं नुकसान झालं तर भरपाई कोण देईल, हे आधी ठरवावं. हे त्याच्या घरचं दुखणं होतं. त्याच्या वडिलांनी तार उगाच ओढली नव्हती. भरल्या सोयाबीनमधून दोन वर्षं लोकांनी ट्रॅक्टर नेले होते. बापाची बाजू त्यानं विरोधी पक्षाकडून नव्हे, सरकार पक्षात बसून कायद्यात घातली. पारावरच्या लोकांनी वडिलांना हे सांगितलं नाही. मीही त्या दिवशी दारात उभं राहून सांगायला विसरलो, ही माझी चूक.

वकिली असेल तर असो. पण एका व्याख्येसाठी पाऊण तास भांडलेला मुलगा पोकळ होतो असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही तीन वर्षांपासून सक्तीची केली आहे, ती म्हणजे वित्तीय ज्ञापन. खऱ्या विधेयकाला ते जोडलेलं असतं, यात खर्च किती आणि येणार कुठून. मुलांच्या मसुद्यांत सगळं फुकट असतं. फुकट बस, फुकट बियाणं, फुकट कोचिंग. त्यांना मी माझं पगारपत्रक दाखवतो. दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमीसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, 1972 च्या दुष्काळात राज्यभर गेलेली, 1977 साली कायदा झालेली आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झालेली. मागेल त्याला काम देऊ, एवढंच लिहून ते थांबले नाहीत, शहरातल्या पगारदाराच्या खिशातून त्याचे पैसे येतील असंही लिहिलं. मुलांना हे पटकन कळतं, कारण त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजीनं त्या कामावर गिट्टी फोडलेली आहे.

आणि फाशी. कोणताही विषय द्या, पहिल्या मसुद्यात फाशी असते. भेसळ, फाशी. पेपरफुटी, फाशी. बोगस बियाणं, भर चौकात फाशी. मी त्यांना शक्ती विधेयकाची हकिगत सांगतो. हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला पेटवून दिल्याच्या घटनेनं सारा विदर्भ हादरला होता. 2020 च्या डिसेंबरात विधेयक मांडलं गेलं, बलात्काराच्या काही गुन्ह्यांना फाशी, तपासाला थोडे दिवस. 2021 च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, केंद्राच्या कायद्याला छेद जात असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही, आणि इतक्या एकमतानं मंजूर झालेलं विधेयक कायदा झालंच नाही. हे सांगितल्यावर मुलं संविधानाची सातवी अनुसूची, म्हणजे कोणता विषय केंद्राचा आणि कोणता राज्याचा याची यादी, स्वतःहून उघडतात. शेती, बाजार, दारू, जमीन, ग्रामपंचायत आपल्याकडे. वनं आणि वन्यप्राणी 1976 पर्यंत राज्याकडे होते, मग समवर्ती सूचीत गेले. म्हणून रोही (नीलगाय) आणि रानडुकरांवरचं विधेयक मांडायला गेलेला गट दरवर्षी तिथंच अडकतो. पिकाच्या राखणीला जागलीवर रात्री काढलेल्या पोरांना हे फार लागतं.

कधी कधी मुलांनी काढलेला मुद्दा पूर्वी खरंच घडून गेलेला असतो. हमीभावापेक्षा कमी दरानं माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला तुरुंगवास, असं विधेयक आमच्याकडे जवळजवळ दरवर्षी येतं. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली, तर येणारच. विरोधी बाकावरून प्रश्न येतो, "आन् व्यापारी बोलीलेच नाही आला तर?" 2018 च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं अगदी हीच दुरुस्ती आणायचं ठरवलं होतं, एक वर्ष कैद आणि 50 हजार दंड. व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली आणि विषय मागे पडला. मग एखादा म्हणतो, सरकारनंच सगळं घ्यावं. तेव्हा मी घरी जाऊन आजोबांना एकाधिकार विचारून या म्हणतो. 1971 चा कायदा, 1972 पासून कापूस फक्त सरकारलाच विकायचा, तीसेक वर्षं चाललं. आजोबा सांगतात. भाव बांधलेला होता, ते बरं होतं. मात्र केंद्रावर बंड्यांची रांग, ग्रेडरची मर्जी आणि मालाचा चुकारा, म्हणजे पैसे, केव्हा मिळेल त्याचा नेम नाही. पलीकडे भाव चढला की रात्री पैनगंगा ओलांडून कापूस आदिलाबादकडे जायचा. ज्याचे आजोबा हे सांगतात त्याच्याच वाट्याला चिठ्ठीनं एकाधिकाराची बाजू येते तेव्हा मजा येते, कारण बांधलेला भाव बरा होता हेही त्याच आजोबांनी सांगितलेलं असतं.

दारूचा विषय मी लांबवत नाही. वर्धा सत्तरच्या दशकापासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली, यावर दोन्हीकडून काय बोललं जातं ते वाचकांना माहीत आहे. फक्त एक. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं (आडवी बाटली) की चालू ठेवायचं (उभी बाटली) या मतदानाचा नियम मुलींनी खंड म्हणून वाचला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई त्या दिवशी निंदणाला गेली, बाळंतपणाला माहेरी गेली, किंवा जिला नवऱ्यानं घरातून निघू दिलं नाही, ती उभ्या बाटलीत मोजली जाते. एका मुलीनं विचारलं, आमदारकीला असा नियम हाये का सर?

या सगळ्याला मुळातूनच विरोध करणारे एक जुने सर्वोदयी गृहस्थ आमच्याकडे परीक्षक म्हणून यायचे. त्यांचं म्हणणं, गावात आधीच दोन पार्ट्या आहेत, तुम्ही वर्गातही दोन पार्ट्या पाडता. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाकडे बघा. तिथं मतदान नाही, सर्वसहमती आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगट चालवले, कायदे वाचले, आणि 2009 मध्ये गावानं सामूहिक वनहक्क मिळवला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. मेंढ्याचा अभ्यासगट आम्ही बिनदिक्कत उचलला आहे. विधेयकाआधी पंधरा दिवस मुलं गटात बसून मूळ कायदा वाचतात, तेव्हा बाजू कुणालाच मिळालेली नसते. पण सर्वसहमती उचलायला मी तयार नाही. मेंढ्यात घरं जवळपास एका तोलाची आहेत. आमच्या गावात वीस एकरवाला आणि त्याचा सालदार एका सतरंजीवर बसले की सहमती कशी होते ते मला ठाऊक आहे. सालदार मान हलवतो.

चिठ्ठीलाही मी मर्यादा घालतो. गेल्या वर्षी एका गटानं प्रेमविवाहाला आई-वडिलांची लेखी संमती सक्तीची करणारं विधेयक आणलं. गावात या मागणीला पाठिंबा कमी नाही. ते चिठ्ठीवर घेतलं असतं तर एखाद्या मुलीला उभं राहून स्वतःच्या हक्काविरुद्ध सात मिनिटं बोलावं लागलं असतं. मी ते पुरःस्थापनेलाच, म्हणजे सभागृहात मांडतानाच, अडवलं. मूलभूत हक्क हिरावणारा कायदा राज्याला करता येत नाही, अनुच्छेद 13, हरकतीचा मुद्दा घ्या आणि त्यावर ज्याला बोलायचं त्यानं आपल्या मनानं बोला, असं सांगितलं. दहा मिनिटं चर्चा झाली. मी अडवायला नको होतं असं आजही काही मुलं म्हणतात. त्यांचं अगदीच चुकतं असं मी छातीठोक म्हणणार नाही.

शेवटचा आक्षेप मुलांचाच आहे आणि तो मला सगळ्यात अवघड जातो. खऱ्या विधानसभेत तर कुणी कुणाचं ऐकून मत बदलत नाही, पक्षादेश असतो, मग आम्ही कशाला? त्यांना नागपूरचं अधिवेशन बाहेरून माहीत आहे. मोर्चा, यशवंत स्टेडियम, पोलिसांचे कठडे, परतीची बस. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी मोर्चात चेंगरून 114 माणसं मेली, त्यातली बरीच आमच्यासारख्याच गावांतून गेली होती. अनुसूचित जमातींच्या यादीतली "गोंड गोवारी" ही एक जमात की दोन, एवढ्या दोन शब्दांच्या वाचनासाठी ते लोक गेले होते. आत काय चालतं हे मात्र इथं कुणी पाहिलेलं नाही. आत गोंधळात पाच मिनिटांत विधेयकं मंजूर होतात हे मी लपवत नाही. पण शहरी नक्षलवादाला आळा म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा लोकांकडून 12 हजारांवर सूचना आल्या, आणि 2025 च्या जुलैत ते मंजूर झालं तेव्हा त्याच्या दीर्घ शीर्षकातला "व्यक्ती" हा शब्द वगळलेला होता. उरलेल्या विधेयकाबद्दल वाद आहेच. पण त्या 12 हजारांत आमच्या गावातून एकही पत्र गेलं नव्हतं. खंड वाचता येत असतील तर पुढच्या वेळी एखादं जाईल.

तर पुढच्या सभेत माझा प्रस्ताव असा. चिठ्ठ्या राहतील. ढाल जाईल, तिच्याऐवजी ज्याची दुरुस्ती मंजूर झाली त्याचं नाव फलकावर लागेल. पडलेल्या दुरुस्त्याही लागतील, त्या मुलीच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून. आणि पालकांना बोलवायचं, म्हणजे पारावरून अर्धवट ऐकायची वेळ येणार नाही. मागच्या दोन रांगा त्यांच्यासाठी ठेवू. पांदणवाल्या वडिलांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. येतो म्हणाले. प्रेक्षक दीर्घेत बसून मधेच बोलता येत नाही, हे सांगायला मात्र परत एक चक्कर मारावी लागेल.